सिंगापूर–बाली फेरीत विषुववृत्त ओलांडण्याचा सोहळा: तयारी कशी करावी?

निळीशाई

नमस्कार मंडळी. पुढच्या फेरीत विषुववृत्त ओलांडण्याचा सोहळा आमच्या ॲक्टिव्हिटीज टीमकडे आला आहे. बोट संध्याकाळी ५ ला सिंगापूर सोडते, मग दोन दिवस पूर्ण समुद्र आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बालीचं बेनोआ बंदर. पाहुणे साधारण १८००. त्यात मुंबई-पुण्याहून येणारे मोठे ग्रुप आहेत, शाकाहारी आणि जैन मंडळी बरीच.

नेपच्यून राजाचा (रोमन समुद्रदेवाचा) दरबार, पहिल्यांदाच रेषा ओलांडणाऱ्या नवख्यांना चिखल फासणं, माशाचा मुका, पाण्यात बुडी असा नेहमीचा प्रकार करायचा आहे. विचारायचं आहे ते असं: रेषा नेमकी कधी येईल आणि पाहुण्यांना शून्य अंशाचा फोटो कसा मिळवून द्यायचा? चिखल कशाचा करायचा, किती? शाकाहारी लोकांसाठी माशाचं काय? आणि नेपच्यूनऐवजी वरुण ठेवला तर चालेल का? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

ब्रिजविंग

आधी वेळेचं गणित करून घ्या, बाकी सगळं त्यावर ठरतं.

सिंगापूर १°१७' उत्तरेला, म्हणजे विषुववृत्त सरळ रेषेत ७७ सागरी मैलांवर. पण बोट सरळ खाली जात नाही. आधी सामुद्रधुनीतून पूर्वेला हॉर्सबर्ग दीपस्तंभापर्यंत जायचं, मग दक्षिणेला वळायचं, आणि त्या गर्दीत पूर्ण वेग मिळत नाही. सहा-सात तास धरून चला. ५ ला निघालात तर रेषा रात्री ११ ते १२ च्या दरम्यान येणार. त्या वेळी ओला कार्यक्रम करण्यात अर्थ नाही. रात्री मागच्या डेकवर फक्त उलटी मोजणी ठेवा आणि दरबार दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा. दरबाराच्या वेळी बोट पावणेतीन अंश दक्षिणेच्या आसपास असेल. तेव्हा निवेदकाने ‘आत्ता ओलांडतोय’ म्हणू नये, लोक हातातल्या फोनवर अक्षांश बघत असतात.

मोजणी घड्याळावर लावू नका, अक्षांशावर लावा. बोट १८ नॉटने (ताशी १८ सागरी मैल) १५०° दिशेने, म्हणजे साधारण दक्षिण-आग्नेयेला, चालली असेल तर दक्षिणेकडचा वेग साधारण साडेपंधरा नॉट पडतो, म्हणजे दर मिनिटाला अक्षांश ०.२६' ने कमी होतो. जीपीएसवर ००°००.२६' उत्तर दिसलं की एक मिनिट उरलं. ब्रिजकडून (बोट चालवण्याच्या कक्षातून) अर्धा तास आधी, दहा मिनिटं आधी आणि एक मिनिट आधी असे तीनच निरोप मागा, तेही वॉच ऑफिसरला सवड असेल तर. तो पट्टा वाहतुकीचा आहे, रात्रीची वेळ आहे. ब्रिजवर पाहुणे नेणं किंवा सतत फोन करणं जमणार नाही. केबिनच्या टीव्हीवर जो नकाशा दिसतो तो काही सेकंद मागे असू शकतो, मोजणीसाठी त्यावर विसंबू नका.

फोटोचं म्हणाल तर बहुतेकांची निराशा होते आणि त्याचं कारण साधं आहे. जीपीएस मिनिटाचे तीन दशांश दाखवतो, शेवटचा आकडा म्हणजे १.८५ मीटर. बोट सेकंदाला सव्वानऊ मीटर जाते आणि पडदा साधारण सेकंदाला एकदाच बदलतो. त्यामुळे ००°००.००३' उत्तरवरून आकडा थेट ००°००.००१' दक्षिणवर उडी मारतो, मधलं शून्य दिसतच नाही. दोन दशांश ठेवले तर ०.०० सेकंद-दोन सेकंद टिकतं. पाहुण्यांना सांगा: फोटो नको, दहा सेकंद आधीपासून व्हिडिओ सुरू करा आणि नंतर त्यातून चित्र काढा. फोन एअरप्लेन मोडवर असावा. जीपीएस तसाही चालतो, आणि बोटीवरच्या उपग्रह नेटवर्कला फोन जोडला गेला तर येणारं भरमसाट बिल वाचतं. उघड्या डेकवरच उभं राहायला लावा, पोलादी छताखाली फोनला उपग्रह सापडत नाहीत.

एक छान गोष्ट पाहुण्यांना सांगता येते. बोट ३०० मीटर लांब असेल तर नाळ (पुढचं टोक) रेषा ओलांडते आणि वराम (मागचं टोक) त्यानंतर सुमारे ३२ सेकंदांनी. मागच्या डेकवरचे लोक खरोखरच अर्धा मिनिट जास्त उत्तर गोलार्धात राहतात.

भोंगा वाजवा म्हणून आग्रह नको. ४ ते ६ सेकंदांचा लांब भोंगा हा टक्कर टाळण्याच्या नियमांतला संकेत आहे, रात्री गर्दीच्या पाण्यात तो हौसेने वाजवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आजूबाजूला बोटी नसतील तर कॅप्टनच्या परवानगीने बघा.

भंडारी

चिखलाचं मी सांगतो. भाग घेणारे ३० जण आणि माणशी दीड लिटर धरा, म्हणजे ४५ लिटर. त्याहून जास्त केलं तर ते अंगावर कमी आणि डेकवर जास्त पडतं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यांना चालणारी गोष्ट म्हणजे कॉर्नफ्लोअरची खळ. लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ४५ लिटरला सव्वादोन किलो. कॉर्नफ्लोअर दुप्पट गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं, सतत ढवळायचं, दुधाळपणा जाऊन पारदर्शक झालं की आणखी दोन मिनिटं उकळायचं. इथून पुढे लोक चुकतात. खळ उष्णता फार वेळ धरून ठेवते. वरून गार लागते, पातेल्याच्या मध्यात पोळेल इतकी गरम असते. खोल पातेल्यात ठेवून सकाळी थेट अंगावर ओतली तर भाजण्याचा धोका. पाच सेंटीमीटर थराने पसरट ट्रेमध्ये ओता, ब्लास्ट चिलरला लावा, मग ५ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवा. गार झाल्यावर ती जेलीसारखी घट्ट बसते. वापरण्याआधी दर दहा लिटरला एक-दीड लिटर गार पाणी घालून हँड ब्लेंडर फिरवा, की पुन्हा ओघळती होते. बाहेर काढल्यावर चार तासांत संपवा, उरलेली टाका.

रंग कमी ठेवा. खाण्याचा हिरवा द्रव रंग दहा लिटरला अर्धा चमचा पुरतो. हळद, बीट, कोकम यांतलं काहीही चिखलात नको, सागवानी डेक आणि पांढरे पोहण्याचे कपडे दोन्ही कायमचे जातात. बीट जैन मंडळींनाही चालत नाही. तिखट, मिरी, लिंबू, व्हिनेगर, पुदिना हेही नको, डोळ्यांत गेलं की थेट मेडिकल सेंटर.

जेलीचे तुकडे हवे असतील तर जिलेटिन वापरू नका. ते प्राणिजन्य आहे आणि ३५ अंशांच्या आसपास वितळतं, त्या उन्हात दहा मिनिटांत पाणी होतं. चायना ग्रास घ्या, लिटरला ८ ग्रॅम. एकदा बसलं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. समुद्री शेवाळ म्हणून स्पॅगेटी टाकायची पद्धत आहे. त्याऐवजी तांदळाच्या नूडल्स घ्या, ग्लुटेनचा प्रश्न मिटतो. शिजवून पाच सेंटीमीटरचे तुकडे करा, लांब ठेवल्या तर ड्रेन तुंबतो. चिकटू नयेत म्हणून तेल लावू नका, गार पाण्याने धुवा.

दरबारातल्या न्हाव्याच्या साबणासाठी व्हिप्ड क्रीम सगळ्यांना सुचतं. तिथे ते टिकत नाही, वितळून तुपकट डाग पडतो, शिवाय दुधाची ॲलर्जी. हीच खळ लिटरला ८० ग्रॅम धरून घट्ट करा आणि पाणी न घालता घोटा. रंगाच्या रुंद ब्रशने फासली की गालावर अगदी फेसासारखी बसते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग कुणी सुचवला तर नाही म्हणा.

राजवैद्याचा काढा ३० मिलीच्या कागदी कपात द्यायचा. कोकम, काळं मीठ, जिरेपूड, पाणी. दिसायला भयानक, चवीला उत्तम, आणि आपल्या लोकांना ओळखीचं. तेवढा काढा टेबलावरच उभं राहून प्यायला लावा, कप डेकवर फिरू देऊ नका.

मासा: तीन-चार किलोचा एक, डोक्यासकट. गोठवलेला असेल तर फ्रिजमध्ये दीड दिवस आधी काढा. कल्ले आणि पाठीवरचे काटे कापा, नाहीतर ओठ फाटतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीस जणांनी एकाच उघड्या माशाचा मुका घेऊ नये. बोटीवर उलट्या-जुलाबांची साथ अशीच पसरते. मासा व्हॅक्यूम पिशवीत सील करा आणि प्रत्येकानंतर पिशवी सॅनिटायझरने पुसा. बर्फाच्या ट्रेवर ठेवा, ट्रेखाली टॉवेल ठेवा. नंतर तो मासा टाकायचाच, गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) परत आणायचा नाही. शाकाहारी पाहुण्यांना माशाऐवजी राजाच्या शंखाला हात लावून नमस्कार करू द्या. माशाची ॲलर्जी असलेल्यांनाही तीच वाट. पर्याय सुरुवातीलाच जाहीर करा, म्हणजे रांगेत कुणावर अवघडून बसायची वेळ येत नाही.

सारंग

वरचं सगळं बरोबर, पण हे पडणार डेकवर आणि जाणार कुठे, ते कुणीतरी बघायला हवं.

उघड्या डेकवरचे स्कपर (पाणी जाण्याची भोकं) थेट समुद्रात उघडतात. मारपोलच्या (जहाजांनी करायच्या प्रदूषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार) पाचव्या परिशिष्टाप्रमाणे अख्खं अन्न किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आत टाकता येत नाही, २५ मिमीपेक्षा बारीक केलेलं असलं तरी ३ मैलांच्या आत नाही, आणि प्लॅस्टिक तर कुठेच नाही. तुमचा मार्ग इंडोनेशियाच्या बेटांमधून जातो. तेव्हा काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही असंच धरून चला. एन्व्हायर्नमेंटल ऑफिसरला आदल्या दिवशी दाखवून त्या भागातले स्कपर बंद करून घ्या, आत बारीक जाळी लावा. चिखल रबरी फावड्याने गोळा करून बादल्यांत भरायचा आणि गॅलीच्या पल्परकडे (उरलेलं अन्न दळणारं यंत्र) द्यायचा. मग पाणी सोडायचं. आधी पाणी मारलं की सगळं पसरतं आणि तासाचं काम तीन तासांचं होतं. कागदी झिरमिळ्या, चमकी, फुगे अजिबात नकोत. वारा ते एका क्षणात कठड्याबाहेर नेतो.

सागवानी डेक कार्यक्रमाआधी गोड्या पाण्याने भिजवून ओला ठेवा. लाकडाने पाणी पिऊन घेतलं असेल तर रंग आत शिरत नाही. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर भोकांचे रबरी मॅट. नुसती ताडपत्री ठेवलीत तर खळ पडल्यावर कुणाचा तरी हात मोडेल. राजाच्या सिंहासनापासून शॉवरपर्यंत एकच वाट ठेवा, दोन्ही बाजूंना दोर, दर चार मीटरवर एक माणूस. कुणीच अनवाणी नको, पट्टा असलेल्या रबरी चपला घालायला सांगा. उन्हात कोरडं सागवान पाय भाजतं.

आता पूल. चिखल लागलेला माणूस पूलमध्ये जाऊ देऊ नका. पिष्ट आणि साखर क्लोरीन खातात, फिल्टर चोंदतात, आणि मग पूल रिकामा करून घासून पुन्हा भरावा लागतो. म्हणजे दोन समुद्री दिवसांतला एक दिवस १८०० माणसांना पूल नाही. पूलवर जाळी घाला. बुडीसाठी दीड मीटर व्यासाचं फुगवायचं छोटं टब घ्या आणि १५ सेंटीमीटर पाणी भरा, ते सुमारे २६५ लिटर होतं. अडीच मीटरचं मोठं टब पाव मीटर भरलंत तर डेकवर एकाच जागी सव्वा टन वजन येतं, बोट थोडी डुलली की अर्धं पाणी बाहेर, आणि ते उपसायचं कुठे हा प्रश्न राहतो. टबात माणूस बसतो, वरून दोन बादल्या पाणी, झालं. खुर्चीसकट मागे उलटवून पाण्यात टाकायची जुनी पद्धत कुणी सुचवली तर ठाम नकार द्या, मानेला इजा होते ती त्यातच.

वेळ सकाळी साडेदहाची. पाऊण तासात संपवा, बारानंतर उभ्या उन्हात राजाच्या दाढीखालचा माणूसच चक्कर येऊन पडतो.

डेक११

दरबाराचा क्रम असा बसतो. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी डेव्ही जोन्स (खलाशांच्या कथांतलं समुद्रतळाचं भूत, इथे राजाचा दूत) येऊन समन्स वाचतो (३ मिनिटं). सकाळी नेपच्यून आणि राणी ॲम्फिट्राइटी येतात, कॅप्टन बोटीची चावी त्यांच्या हाती देतो. मग आरोपवाचन, न्हावी, राजवैद्य, मासा किंवा शंख, टब, शॉवर. माणशी दीड मिनिटाहून जास्त दिलं तर तीस जणांना पाऊण तास पुरत नाही, म्हणून न्हावी दोन आणि टब दोन ठेवा. आरोप मजेशीर पण निरुपद्रवी असावेत: बुफेत तीनदा आमरस घेतला, लिफ्टमध्ये मोठ्याने गाणी म्हटली. शरीर, वजन, रंग, भाषा यांवर एक शब्दही नाही.

सहभाग फक्त स्वेच्छेने. नावनोंदणीच्या कागदावरच ॲलर्जी, दमा, गरोदरपण, ताजी शस्त्रक्रिया, कॉन्टॅक्ट लेन्स विचारा. क्रूच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. सुपरवायझर समोर उभा असताना नवीन पोरगा ‘नाही’ म्हणत नाही. त्यांची नोंदणी एचआरकडे बंद पाकिटात करा. एमएलसी २००६ (खलाशांच्या कामाच्या अटींचा आंतरराष्ट्रीय करार) मध्ये छळ आणि दादागिरीबद्दलची दुरुस्ती २०१९ पासून लागू आहे, त्यामुळे ही नुसती भलमनसाईची बाब राहिलेली नाही.

जुना प्रकार किती आडदांड होता हे निवेदनात जरूर सांगा. फेब्रुवारी १८३२ मध्ये बीगल जहाजावर चार्ल्स डार्विनलाही सोडलं नव्हतं. डोळे बांधून फळीवर उभं केलं, तोंडाला डांबर आणि रंग फासला, लोखंडी पट्टीने खरवडला आणि पाणी भरलेल्या शिडात उलटं पाडलं. आपले पाहुणे हे ऐकून खळीकडे प्रेमाने बघतात.

वारा विसरू नका. बोट १८ नॉटने चालली की हवा स्थिर असली तरी डेकवर तेवढा वारा असतोच. कापसाची दाढी उडते. लोकरीच्या धाग्याची दाढी इलॅस्टिकवर शिवून घ्या. त्रिशूळ पीव्हीसी पाइपचा, टोकं फोमची. मुकुट हनुवटीखाली बांधता यावा. माइकला फोमची टोपी घाला. मंच आडोशाच्या बाजूला हवा, ती बाजू सकाळी आठला ठरवा, आदल्या दिवशी नाही.

वरुणाबद्दल मत असं: नेपच्यूनऐवजी नको, नेपच्यूनच्या आधी ठेवा. वरुण आपल्या लोकांसाठी देव आहे, भारतीय नौदलाचं ब्रीदच ‘शं नो वरुणः’. त्याला चिखलाच्या खेळात बसवलं तर कुणी ना कुणी दुखावणार, आणि ते रास्तच असेल. त्याऐवजी दरबाराआधी पाच मिनिटं नारळाचा छोटा विधी करा, नारळी पौर्णिमेसारखा. आपल्या ग्रुपमधल्या ज्येष्ठ जोडप्याच्या हातून करा, लोक मनापासून येतात. वरुणाचं चित्र लावायचं असेल तर हातात पाश आणि वाहन मकर, त्रिशूळ नाही. नारळ समुद्रात टाकायचा नाही. पूजा झाली की गॅलीत स्टीलच्या ठोकळ्यावर फोडून खोबरं प्रसाद म्हणून वाटा. निरांजन, उदबत्ती उघड्या डेकवरही चालत नाही, बॅटरीचा दिवा ठेवा. तिथेच तारिणीचाही उल्लेख करा: गोव्यात बांधलेली शिडाची नौका, वर्तिका जोशींसह नौदलाच्या सहा महिला अधिकारी, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघून २१ मे २०१८ ला परत, विषुववृत्त दोनदा ओलांडून.

निळीशाई

मंडळी, फारच उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. पाऊस आला तर? आणि प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहायचं? दोघांनी आताच ‘गोल्डन शेलबॅक’ मागितलं आहे. बेसिनमधलं पाणी उत्तरेला एका दिशेने आणि दक्षिणेला उलट फिरतं, ते दाखवा असाही आग्रह आहे.

डेक११

पावसात दरबार एट्रियममध्ये (बोटीच्या मधल्या बंद दालनात) घ्या, पण खळ, टब, मासा सगळं रद्द. तिथे गालिचा आहे. आरोपवाचन, काढा आणि कपाळावर निळ्या फेस पेंटचा त्रिशूळ, एवढ्यावर भागतं. विजा दिसल्या तर उघडा डेक ब्रिज स्वतःच बंद करतो, त्यामुळे निर्णय साडेनऊला घ्या आणि खळ तोपर्यंत फ्रिजमध्येच राहू द्या.

ब्रिजविंग

बेसिनचा प्रयोग करू नका, तो खोटा आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वादळाच्या आकाराच्या गोष्टींवर दिसतो. बेसिनमधलं पाणी कसं ओतलं, भांडं किती सपाट आहे, यावरच ते कुठे वळणार ते ठरतं, आणि डुलत्या बोटीवर तर विचारूच नका. शिवाय रेषेजवळ तो परिणाम शून्याकडे जातो.

गोल्डन शेलबॅक १८० रेखांशावर विषुववृत्त ओलांडणाऱ्यांना म्हणतात, म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्यावर. तुमची रेषा १०५°-१०६° पूर्वेच्या आसपास येईल, तेव्हा साधं शेलबॅक, म्हणजे विषुववृत्त ओलांडलेला माणूस. खोटं सोनेरी प्रमाणपत्र देऊ नका, कारण कधी ना कधी कुणी खरं ओलांडणारा शेजारी बसतो.

प्रमाणपत्रावर बोटीचं नाव, अक्षांश ००°००', रेखांश, तारीख आणि बोटीची वेळ. मजकूर, कॅप्टनची सही आणि नेपच्यूनचा शिक्का आधीच मांडून ठेवा. सहीची प्रतिमा वापरायला कॅप्टनची लेखी परवानगी घ्या. रेखांश आणि वेळ रिकामी ठेवा. मध्यरात्रीनंतर ब्रिजच्या नोंदवहीतून घेऊन भरायची आणि मगच प्रिंट शॉपला सोडायचं. रेषा बाराच्या अलीकडे आली की पलीकडे, यावर तारीख बदलते, म्हणून आधी छापून ठेवलेला गठ्ठा वाया जाऊ शकतो. नाव पाहुण्यांनी स्वतः लिहावं. १८०० नावं छापत बसलात तर बाली येईल.

भंडारी

कागद १६० जीएसएमच्या वरचा घ्या आणि दरबाराच्या टेबलावर वाटू नका, ओल्या हातांनी शाई पसरते. दुपारी चारच्या चहाला वाटा, तेव्हा सगळे कोरडे असतात आणि रांगही आपोआप लागते.